खुर्ची या शब्दापाशी थांबलेला कोश

मित्रांनो, मी खुर्ची. वेताची, जुनी आणि मागच्या डाव्या पायाने लंगडी. बावीस वर्षं माझ्यावर एकच माणूस बसला. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते एका संस्थेसाठी शब्दकोश लिहीत होते. एका शब्दाला एक कार्ड, आणि प्रत्येक अर्थाला कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं वाक्य हवंच. मनाने रचलेलं चालायचं नाही. अशाने बावीस वर्षांत ते 'अ'पासून 'ख'पर्यंत पोहोचले होते.

मग माझी पाळी आली. माझं नाव मूळचं अरबी, फारसीचा हात धरून तुमच्या भाषेत आलेलं, हे मला तेव्हा कळलं. बसायचं आसन हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ अधिकार. 'खुर्ची गेली, तसे नमस्कारही गेले,' असं एक निवृत्त साहेब म्हणाले होते. तिसरा अर्थ, धंद्याचं माप, न्हाव्याने दिला. 'दुकान तीन खुर्च्यांचं आहे, पण धंदा दीड खुर्चीचा,' तो म्हणाला, आणि तात्या अर्धवट कापलेल्या केसांनिशी कार्ड लिहायला धावत आले.

एवढ्यावर थांबायचं ना. पण आणखी अर्थ असणारच, असं त्यांनी मनात घेतलं. सात महिने गेले. संस्थेचे व्यवस्थापक कंटाळून म्हणाले, "तात्या, आता पुढचं घ्या." मुलगी डबा घेऊन यायची, ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी डोळ्यांना वर्ष दिलंय. कोश पुरा करायचा की खुर्ची?"

"एवढं एक होऊ दे," तात्या म्हणाले.

खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटायचं. माझ्यापायी कुणी एवढं झिजलं नव्हतं.

वर्षाच्या आतच डोळे गेले. संस्थेने काम बंद केलं. 'ग'पासूनच्या शब्दांसाठी जमवून ठेवलेली कच्ची कार्डं सुतळीने बांधून रद्दीत गेली. मला जिन्याखाली टाकलं. माझा वेत फाटला, आता माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळतात.

एकदा मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी मला चाचपलं.

"हिच्यापायी किती दिवस घालवले गं?"

"सात महिने, बाबा."

"'ग' सुरू तरी झाला असता," ते म्हणाले, आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, माझा वेत विणून द्या, असं मी म्हणत नाही. त्याने आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या घरी कुणी एकाच गोष्टीपाशी अडून बसलं असेल, तर वेळेत हात धरून त्याला उठवा. माझे हात लाकडाचे होते.