पहिल्या धुण्यात गेलेला चेहरा

मित्रांनो, दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या आड उभा असलेला मी एक जुना हीट प्रेस आहे. टी-शर्टवर चित्रं उमटवणं हे माझं काम होतं. खाली सपाट पाट, वर तापणारी जड पाटी आणि ती खाली ओढायला एक लांब दांडा, एवढंच माझं अंग. दांड्याची मूठ एका बाजूने झिजली आहे. ती मला चालवणाऱ्या ताईच्या तळहाताने झिजली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका कामगार बाईने माझी पाटी चारही कोपऱ्यांना सारखी तापते की नाही, हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मगच माझ्यावर शिक्का मारला. "हा नाही कोणाला फसवणार," असं ती शेजारणीला म्हणाली. त्या शब्दाने मी फुलून गेलो. आयुष्यभर तसंच वागायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

मला विकत घेतलं ताईने आणि तिच्या मैत्रिणीने. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. ताईचे हात कामाचे, मैत्रिणीचं बोलणं गोड. म्हणून ताई छपाई बघायची आणि मैत्रीण कापड आणायची, गिऱ्हाइकं सांभाळायची. दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या. डब्यातला शेवटचा घास कोणी घ्यायचा यावर रोज भांडण व्हायचं आणि रोज तो ताईच्याच वाट्याला यायचा.

माझं काम जादूसारखं वाटेल तुम्हाला. चित्र आधी कागदावर उलटं छापायचं. तो कागद टी-शर्टवर पालथा ठेवून ताई दांडा ओढायची. माझ्या उष्णतेने कागदावरच्या शाईची वाफ व्हायची आणि ती थेट धाग्याच्या पोटात शिरायची. कितीही धुतलं तरी मग रंग हलायचा नाही. मात्र ही शाई पॉलिस्टरच्याच धाग्यात शिरते. सुताच्या धाग्यावर ती नुसती बसते आणि पाणी लागलं की उठून जाते. त्यामुळे निम्मं सूत असलेल्या कापडावर चित्र पहिल्या दिवशी बरं दिसतं, पण धुतलं की विटतं. ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला हे समजावून सांगायची. "टिकणार नाही ते मी देणार नाही," असं म्हणून तिने कितीतरी कामं परत पाठवली. लोक पुन्हा तिच्याकडेच यायचे.

एके दिवशी अग्निशमन दलाचे प्रमुख आले. त्यांचा एक तरुण जवान गोदामाच्या आगीत गेला होता. त्याच्या आठवणीत सगळं दल शहरभर धावणार होतं. प्रत्येकाच्या छातीवर त्याचा फोटो हवा होता, आणि एक टी-शर्ट त्याच्या आईसाठी. फोटोत तो शिरस्त्राण काखेत धरून हसत होता. पुढच्या दोन दातांत छोटीशी फट होती.

मैत्रिणीने कोरे टी-शर्ट आणले. गळ्याशी लेबल होतं, पूर्ण पॉलिस्टरचं. ताईने ते वाचलं आणि मला तापवलं. पहिला टी-शर्ट माझ्याखाली आला तसा मी दचकलो. पांढरी वाफ निघाली. पॉलिस्टर एवढी वाफ सोडत नाही. हवेतलं पाणी पोटात धरून ठेवतं ते सूत. मला कळलं होतं, मित्रांनो, पण मी सांगणार कसा? ताईनेही वाफेकडे पाहिलं, मग लेबलाकडे पाहिलं. मैत्रिणीने आणलंय म्हटल्यावर तिने दांडा पुन्हा ओढला.

धावण्याचा दिवस चांगला गेला. नंतर प्रमुखांचा फोन आला. पहिल्या धुण्यातच चेहरा गेला होता.

ताईने उरलेल्या एका टी-शर्टचा धागा उसवला आणि काडी लावून जाळला. नुसतं पॉलिस्टर असतं तर धागा वितळून त्याची कडक गुठळी झाली असती. इथे गुठळीबरोबर कागदासारखी राखही पडली. मैत्रीण दारातून हे बघत होती.

"लेबल कोणी बदललं गं?" ताईने विचारलं.

"मीच बदलून घेतलं. चांगला माल वेळेवर मिळेना. मग काय करणार?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू काम परत पाठवलं असतंस! अगं, असले टी-शर्ट लोक एकदाच घालतात."

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. खरं काय ते ताईला कळलंय ना!

दुपारी प्रमुख आले. बरोबर जवानाची आई होती. तिने टी-शर्ट टेबलावर पसरला. धुक्यात उभं असावं तसा तो मुलगा दिसत होता. फट असलेले दात कुठेच नव्हते.

"काय सांगू काकू, मशीन दगा देतंय," मैत्रीण पटकन म्हणाली. "नीट तापतच नाही मेलं." आणि तिने ताईकडे पाहिलं.

मीही पाहत होतो. ताईची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि खाली वळली.

"हो," ती म्हणाली. "जुनं झालंय. बदलायलाच हवं."

आईने टी-शर्टची घडी घातली. "मशीनच ते, बिघडायचंच," एवढं बोलून ती निघाली.

खोटं खरं दिसावं म्हणून नवा प्रेस आला. माझी वायर काढून मला मागे ढकललं. ताईने सगळे टी-शर्ट खऱ्या पॉलिस्टरवर पुन्हा छापले. रंग झकास आले. "बघा, नवं मशीन!" सगळे म्हणाले. मी खोक्यांमागून ऐकत होतो. मात्र त्या दोघी आता एकाच टेबलावर बसून वेगवेगळ्या डब्यांतून जेवत होत्या, न भांडता.

आईचा टी-शर्ट ताई स्वतः घेऊन गेली. परतली तेव्हा आई तिच्याबरोबर होती. दोघी मागच्या खोलीत आल्या.

"हाच का तो?" आईने विचारलं.

"हाच. याचा काहीही दोष नव्हता, काकू. मी खोटं बोलले."

आईने माझ्या थंड पाटीवर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"माझा मुलगा गेला तेव्हा सांगितलं, पाण्याचा पंप ऐन वेळी बंद पडला," ती म्हणाली. "पंप कोणी तपासायचा होता, ते आजवर कोणी सांगितलं नाही. तू निदान सांगायला आलीस."

ताई ढसाढसा रडली. तरी तिने मला पुन्हा जोडलं नाही. मला जोडायचं तर बालमैत्रिणीला चारचौघांत खोटं पाडावं लागलं असतं. तेवढं तिच्याच्याने झालं नाही. मैत्रिणीने मला दोष दिला त्याचं मला फारसं वाटत नाही. तिचा हात माझ्या मुठीवर कधी पडलाच नव्हता. ताईचं "हो" मात्र अजून माझ्या पाटीत तापल्यासारखं राहिलं आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, स्क्रू घट्ट करा, आम्ही वर्षानुवर्षं तुमची साथ देऊ. कधी खरंच बिघडलो तर तसंही सांगा. पण आम्हाला बोलता येत नाही म्हणून तुमचं खोटं आमच्या माथी मारू नका.