विल्फ ओल्डरॉइडची गाडी नापास झाली त्याची गोष्ट

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," बाकावर टेकता टेकता विल्फ ओल्डरॉइड म्हणाला, "पण काल माझी गाडी एमओटीच्या वार्षिक तपासणीत नापास झाली."

डोरीनच्या चहाच्या टपरीत सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तव्यावर बेकन चरचरत होतं. बाहेर भुरभुर पावसात चौदा जुन्या मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या आणि ओळीच्या तोंडाशी एका गाडीची जागा रिकामी होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारी या जुन्या गाड्यांच्या क्लबातले सगळे खिंड ओलांडून पलीकडच्या गावाला जातात आणि परत येतात. बासष्ट मैल. सगळ्यांत पुढे विल्फ. त्याची गाडी अठ्ठावन्न सालची, ओळीत सगळ्यांत म्हातारी, म्हणून मान तिचा. एकेचाळीस वर्षं यात खंड पडला नव्हता. आज विल्फ बसने आला होता.

"नापास? ती?" नॉर्मन हेप्टनच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. नॉर्मनची गाडी साठ सालची, म्हातारपणात दुसरी. गेली कित्येक वर्षं ती निम्मी वाट स्वतःच्या चाकांवर आणि निम्मी बंद पडल्यावर व्हॅनमध्ये बसून कापत आली होती. "अरे, माझी जिथे उभी राहील तिथे तेलाचं तळं होतं, तरी ती पास होते. आणि तुझी नापास?"

"म्हणून तर म्हणालो, विश्वास बसणार नाही."

आता खरं सांगायचं तर विल्फच्या कोटाच्या आतल्या खिशात एक घडी घातलेला कागद होता आणि त्यावर 'पास' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. दोष एकही नाही, सूचना एकही नाही. विल्फला त्या कागदाचा मनस्वी राग आला होता.

भानगड होती त्याच्या उजव्या गुडघ्याची. या गाडीला बटणबिटण नाही. किक मारायची, आणि तीही अंगातलं सगळं वजन टाकून. गाडीची कधी तक्रार नसे, पहिल्या किकला बोलायची. पण विल्फचा गुडघा आता एका किकपुरताही उरला नव्हता. गेल्या वर्षीच खिंडीच्या माथ्यावर सगळे थांबले तेव्हा त्याने इंजिन बंद केलं नव्हतं. "आवाज ऐकत बसावंसं वाटतं रे," असं म्हणून त्याने वेळ मारून नेली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात जिना चढतानासुद्धा मध्ये थांबायची वेळ आली.

चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला या तपासणीची सक्ती नाही. तरी विल्फ दर वर्षी जायचा. इतकी वर्षं तोऱ्यात जायचा, या वर्षी आशेने गेला. गाडीच नापास झाली की माणसाला काही कबूल करावं लागत नाही. काल त्याने घरापुढच्या उतारावर ढकलून ती कशीबशी चालू केली, आणि तपासणी केंद्राच्या अलीकडच्या वळणावर थांबून मागच्या दिव्याचा बल्ब हळूच सैल करून ठेवला. तपासणाऱ्या इम्तियाझने त्या दिव्यावर एक टिचकी मारली. दिवा लागला.

"अंकल, लोक पास कर म्हणून माझ्या हातापाया पडतात," इम्तियाझ म्हणाला. "नापास कर म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"एखादा बारीकसा दोष लिही ना. गंजबिंज."

"दाखवा कुठे आहे गंज. खोटा निकाल लिहिला तर परवाना जाईल माझा."

निघताना इम्तियाझनेच किक मारून दिली. एकच किक. विल्फने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"अरे पण धरली कशात तिला?" टपरीत नॉर्मनने पुन्हा विचारलं.

इथे विल्फची पंचाईत झाली. फ्रेमला चीर पडली, ब्रेक गेले, असलं काहीही चाललं असतं. पण त्या गाडीविषयी वाईट शब्द काही केल्या जिभेवर येईना.

"ब्रेकमध्ये," तो म्हणाला. "फारच चांगले निघाले."

"काय?"

"ब्रेक तपासायच्या रोलरवर पुढचं चाक चढवलं आणि मी ब्रेक दाबला. रोलर जागच्या जागी ठप्प! मशीन गुरगुरायला लागलं. केंद्रातले दिवे गेले, शेजारच्या मासे तळणाऱ्याची कढई गार पडली. इम्तियाझ ओरडतोय, अंकल सोडा, सोडा! मी कसला सोडतोय. शेवटी चाक काही हललं नाही, इमारतच वीतभर पुढे सरकली. फुटपाथवर खूण आहे, जाऊन बघा."

कुणाच्या तरी नाकात चहा गेला.

"आणि हेडलाइट रे, राजा?" काउंटरमागून डोरीनने विचारलं. तिचा चष्मा कपाळावर होता आणि एक हात तव्याशी.

"त्याचं तर नावच काढू नकोस. लावला मात्र, समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्यांना वाटलं, आला उन्हाळा. लोकर उतरवायला रांगेत उभ्या राहिल्या. इम्तियाझने नियमांचं पुस्तक काढलं. कमी भरलं तर नापास, असं आहे त्यात. जास्त भरलं तर काय, ते कुणी लिहिलंच नाही! त्याने वर फोन लावला. वरचे म्हणाले, इतकी चांगली गाडी रस्त्यावर सोडली तर बाकीच्यांना धोका. कर नापास."

टपरी खदखदून हसली. नॉर्मन तेवढा हसला नाही. त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"म्हणजे आज पुढे मी?"

"तूच," विल्फ म्हणाला. म्हणता म्हणता त्याचे खांदे खाली आले. झालं एकदाचं. त्याने दोन्ही हात चहाच्या मगाभोवती धरले. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, आज निदान बसून राहता येईल.

"गेल्या ऑगस्टात तर स्कॉटलंडला जाऊन आलास तिच्यावर," नॉर्मन पुटपुटला.

"आलो की. वाटेत एकदाही कुरकुरली नाही." ऑगस्टात विल्फ बहिणीकडे गेला होता, रेल्वेने.

डोरीनने हात पुसले, फोन उचलला आणि चष्मा नाकावर घेतला.

"हल्ली नंबर टाकला की कुणाच्याही गाडीची सगळी कुंडली येते. तुझा नंबर पाठ आहे मला."

"सक्ती नसलेल्या गाड्यांचीसुद्धा?" विल्फने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला कळलं, हे विचारायला नको होतं. सक्ती नाही म्हणजे सरकारदरबारी नोंदही नाही, एवढ्या एका समजुतीवर त्याने सगळा डोलारा उभा केला होता.

"सगळ्यांची. हे बघ, काल. पास."

नॉर्मनचं हेल्मेट कानापर्यंत येऊन तिथेच अडकलं.

"आणि हे मैल," डोरीन सावकाश वाचत होती. "गेल्या एप्रिलपासून पंच्याहत्तर. बासष्ट आपल्या फेरीचे. चार तुझ्या घरून इथे यायचे-जायचे. उरले नऊ, ते इम्तियाझकडून घरी आणि घरून इम्तियाझकडे." तिने फोन खाली ठेवला आणि विल्फच्या लांब पसरलेल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थापा मारतोस, विल्फ ओल्डरॉइड! ना ब्रेकचं खरं, ना स्कॉटलंडचं. गाडी ठणठणीत आहे. किक बसत नाही तुला, एवढंच ना?"