रुळाची ऐरण

रिकाम्या हंड्यावरचं झाकण खणकलं आणि मी दचकून उठले. वाऱ्यानं हललं असेल. पण लातूरला आल्यापासून आमच्या पत्र्याच्या खोलीत धातूचा एवढासुद्धा आवाज झाला नव्हता. लोहाराच्या घरात सकाळ होते तीच मुळी घावाच्या आवाजानं. इथं आम्ही तिघं नुसती पडून असायचो, ऐकण्यासारखं काही नसताना ऐकत. हे, म्हणजे सिंधुचे बाबा, त्या झाकणाकडंच बघत होते. मग म्हणाले, आज भंगारात चक्कर मारून येतो.

मुदखेडजवळ आमचं गाव. पाऊस गेला, पेरण्याच झाल्या नाहीत, मग नांगराचे फाळ घेऊन भट्टीवर कोण येणार? एका भट्टीवर दोघा भावांचं भागेना. लातूर नवा जिल्हा झालेला, कचेऱ्या उभ्या राहत होत्या, दगड घडवणाऱ्यांच्या छिन्न्या रोज बोथट होत होत्या. पाऊस पडेस्तोवर जाऊ, असं ठरलं. भाता, हातोडा, सांडस, पहार घेतली. ऐरण राहिली थोरल्या भावजींकडं. घराची ऐरण थोरल्याची, हा आमच्यातला रिवाज. धाकट्यानं दुसरीकडं ऐरण रोवली की तो वेगळा निघाला. मग जुन्या भट्टीवर त्याला जागा नाही. निघताना सासूबाई, माझ्या आत्याबाई, सिंधुच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. लेकाला एवढंच बोलल्या, "कुठं ऐरण रोवू नको रे, व्यंकटी."

दुपारी हे खांद्यावर रुळाचा तुकडा घेऊन आले. भंगारवाल्याच्या हातगाड्याला नवा आस करून द्यायच्या बोलीवर मिळालेला. लहानपणी मुदखेडला रुळाला कान लावून गाडी ऐकायचे, तसा त्यांनी त्याला कान लावला आणि टिचकी मारली. किती दिवसांनी हसले. सिंधुनंही कान लावला.

बांधकामावरचा मुकादम वीरण्णा छिन्न्यांचं एक गाठोडं टाकून गेला. नीट झाल्या तर सगळं काम आमचं. नाही तर उदगीरचा लोहार तयारच होता.

यांनी दारापुढं भट्टी पेटवली, रूळ चार दगडांवर आडवा ठेवला. रोवला नाही. मी सिंधुला मांडीवर घेऊन भाता ओढत होते. घाव पडला की रूळ उडायचा, दगड सरकायचे, तो सावरेपर्यंत छिन्नीची लाली जायची. पुन्हा भट्टीत, पुन्हा तेच. शेवटी हे वैतागून गार लोखंडावरच ठोकत सुटले. टोकं टणक व्हावीत म्हणून तापल्या छिन्न्यांना पाणी पाजायला मी टँकरचं प्यायचं पाणी काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी वीरण्णानं तुटक्या टोकांच्या छिन्न्या दारात ओतल्या. "लोहार हायस का सोनार? गोंजारायलास लोखंडाला. उद्या सकाळी नीट दे, न्हाई तर उदगीरवाल्याला बसवतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, उभा रोवा. गावची ऐरण बाभळीच्या ओंडक्यात कशी ठाण बसलेली असते, तिच्यावर मीही घण मारलेत. हे माझ्यावर उसळले, मला ठाऊक न्हाई का म्हणाले. रुळाखाली पोती घातली. दोरीनं आवळून बघितलं. मला रुळावर पाय देऊन उभं केलं. रूळ उडायचा तो उडालाच. मग आत-बाहेर, आत-बाहेर येरझाऱ्या सुरू झाल्या. माझ्याच्यानं बघवेना.

मी सिंधुला बाजूला बसवलं, पहार घेतली आणि भट्टीपुढची जमीन उकरायला लागले. माती कसली, खडकच झालेली. हे बघत राहिले. मी मान वर न करता म्हणाले, "आत्याबाईंना मी सांगीन. दोष माझ्यावर घाला."

ते जवळ आले, माझ्या हातातली पहार घेतली आणि स्वतः खणू लागले.

वखारीतून बाभळीचा ओंडका आणला. तापल्या लोखंडानं त्याला खोबण जाळली, रूळ उभा ठोकून पाचरी मारल्या, ओंडका खड्ड्यात बसवून माती ठोकून घट्ट केली. हळद-कुंकू लावू का, मी विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी बोटभर लावलंच.

पहिला घाव पडला. रूळ हलला नाही. आवाज खणकून वर उडण्याऐवजी खाली जमिनीत गेला, गावच्या ऐरणीसारखा. माझे हात भात्यावर भरभर चालू लागले.

सकाळी वीरण्णानं एक छिन्नी दगडावर मारून बघितली, टोक अंगठ्यानं चाचपलं आणि दुसरं गाठोडं ठेवून गेला. हे लगेच कामाला बसले. माझ्याकडं बघत नव्हते.

सिंधु आली. गरम लागेल म्हणून मी ओरडायच्या आत तिनं ओंडक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि हलवून बघितलं. पुन्हा जोर लावला. ओंडका हलला नाही तशी तिनं माझ्याकडं तोंड वर केलं. यांचा हातोडा हवेतच थांबला.

"आई, पाऊस पडल्यावर ही ऐरण कशी उपटायची? आजीकडं न्यायचीय न्हवं?"