डोळे नसलेला मुखवटा

लोकांना हसवणं हा माझा धंदा आणि त्यात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. मुखवटा चढवला की मी, मकसे, भर बाजारात सरदाराच्या तोंडावर त्याच्या भानगडी काढतो आणि तो मुकाट हसतो, कारण मुखवट्याला शिक्षा नाही असा आमच्याकडचा रिवाज. खेळ संपला की सगळे मुखवटे जाळायचे. घातलेल्या मुखवट्यात काहीतरी राहून जातं, ते घरी न्यायचं नसतं.

त्या वर्षी डोंगरातल्या येशूवाल्यांची धरपकड चालली होती. बहुतेक सगळे कुंभार. त्यांचा म्होरक्या थेगिल सापडला. तीन दिवस त्याच्या नडग्यांवर काठ्या घातल्या, पण बाकीच्यांची नावं काही त्याच्या तोंडून निघाली नाहीत. त्या नावांत एक माझं होतं. आदल्या हिवाळ्यात, मडकी काढून झाल्यावर भट्टी अजून कोमट असताना, त्यानं आत बसवून माझ्या आणि माझ्या बायकोच्या डोक्यावर पाणी घातलं होतं. मला तोमा असं नवं नाव दिलं होतं. बायको त्यांच्यात मनापासून गेली. मी ती गेली म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू? पण अंमलदाराला त्याचं काय. दोघांच्याही माना सारख्याच उतरल्या असत्या.

अंमलदारानं थेगिलचं पुस्तक जप्त करून कारकुनाकडून वाचून घेतलं. त्यातली एक जागा त्याला फार आवडली. पहारेकऱ्यांनी येशूचं तोंड झाकलं, त्याला थोबाडलं आणि विचारलं, एवढा देवमाणूस ना तू, मग ओळख, कुणी मारलं? झालं, लगेच मला बोलावणं. बाजाराच्या दिवशी हाच खेळ लावायचा आणि लोकांना पोट धरून हसवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणारा येशूवालाच असणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सुन्ने, माझी बायको, मुळे चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. एवढंच म्हणाली, "मारशील तर हळू मार."

वाळक्या भोपळ्याचा मुखवटा केला, नेहमीसारखाच. फक्त डोळ्यांना भोकं पाडली नाहीत.

बाजार चिक्कार भरला होता. थेगिलला चौकात बसवला, अंगावर नवरदेवाचा फाटका झगा टाकला, डोक्यावर गवताचा मुकुट. माझ्या तोंडावर माकडाचा मुखवटा होता. आंधळा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर बांधायला उचलला, तेव्हा तो माझ्या बोटांकडे बघत होता.

पहिला हात आमच्या ढोलकीवाल्यानं उचलला. मी ओरडून विचारलं, सांग रे देवमाणसा, कुणी मारलं? आतून आवाज आला, "दगड्या." लोक खदखदले, कारण ढोलकीवाल्याचं नाव चुनबो. तो मात्र पांढरा पडला. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून पोरांना लहानपणी ओंगळ नावं ठेवतात, दगड्या, शेण्या, उकिरड्या. पोर मोठं झालं की ते नाव आईबापांच्या पोटात राहतं. मी मनाला समजावलं, कुंभार दारोदार हिंडलेला, कुठंतरी ऐकलं असेल. दुसऱ्यानं मारलं, तिसऱ्यानं मारलं. दोघांचीही नावं बरोबर आली. आता हसणारे कमी झाले होते.

चौथा एक शिपाई. राजधानीतून आदल्या संध्याकाळी आलेला, गावात त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. दात काढत पुढं आला आणि त्यानं काठी हाणली. मुखवट्यातून फार हळू आवाज आला. आई अंगणातल्या पोराला जेवायला बोलावते ना, तसा. "कुत्र्या, ये."

शिपायाच्या हातातली काठी गळून पडली. तो मातीत बसला आणि म्हणाला, हे नाव आईशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

अंमलदाराचं हसू मावळलं होतं, पण डोकं चालू होतं. त्यानं पंखा माझ्याकडे रोखला. आता माकडानं मारायचं. बघू याचं काय नाव निघतं ते.

तोमा. एवढा एक शब्द, की माझा निकाल लागला. मी मारलं. चांगलं सणसणीत मारलं. हळू मारलं तर संशय येईल, असं मनाशी म्हणत मारलं. मग विचारलं, कुणी मारलं?

थेगिल गप्प. मुखवट्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. अंमलदार उठून उभा राहिला.

"चौघांची नावं पटापट घेतलीस. याचंच का अडलं?"

दोन शिपाई माझ्या मागं येऊन उभे राहिले. एकाचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. तेवढ्यात मुखवटा माझ्याकडे वळला.

"या माणसाला मी ओळखत नाही."

चुकला, चुकला, म्हणून बाजारात हशा फुटला. अंमलदारसुद्धा मांडीवर थाप मारून हसला. मी हातांवर चालून दाखवलं, लोकांची हसून पुरेवाट केली. मग त्याचा मुखवटा सोडला. आत त्याचे डोळे उघडे होते. नावेत शेजारी बसलेल्या परक्याकडे बघावं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी नदीकाठी त्याची मान उडवली आणि आम्ही मुखवटे जाळले.

भट्टीत जमणारे आमचे लोक त्याचं नाव काढून रडतात. येशूला धरलं तेव्हा त्याच्या थोरल्या चेल्यानं भिऊन धन्याला ओळखत नाही म्हटलं होतं, थेगिलनं चेल्याला वाचवायला तेच म्हटलं, असं सांगतात. सुन्ने म्हणते, तुझ्यासाठी त्यानं खोट्याचं पाप डोक्यावर घेतलं, आता तरी मनापासून गुडघे टेक. तो शिपाई वसंतात डोंगर चढून आला आणि लहान पोरासारखा रडत त्यानं डोक्यावर पाणी घेतलं. पुस्तकाची एक नक्कल आमच्याकडे लपवलेली आहे, त्यात आणखी एक जागा आहे. दार लागल्यावर बाहेर राहिलेल्यांना धनी आतून म्हणतो, मी तुम्हांला ओळखत नाही. ती वाचायला घेतली की मी लाकडं आणायचं निमित्त करून उठतो.

मला वाचवायला तो खोटं बोलला, असं सगळे म्हणतात. बोलला असेल. पण त्या दिवशी बाकी चौघांना ओळखण्यात तो चुकला नव्हता.