चित्राची कापलेली कड

मी एक तबकडी बोलतेय. सिनेमाची, बाजारातली. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझ्या अंगावर एक लांब चरा आहे. तिथे आलं की मी अडखळते आणि मधलं गाळून पुढचंच बोलू लागते. त्यामुळे सादिरकुलने मला घरी आणलं तेव्हा अंगणातला जर्दाळू फुलला होता की त्यावर बर्फ होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फुलं असावीत. की बर्फच होतं? जाऊ दे.

माझा जन्म बिश्केकमधल्या एका बाजारामागच्या खोलीत झाला. जन्म कसला, कोंबाकोंबी! माझ्यावर एक सिनेमा ऐसपैस मावला असता. त्यांनी सहा भरले. गिऱ्हाईक खूश, कारण एकाच्या किमतीत सहा मिळाले. माणसं खरबूज घेताना ते वाजवून बघतात, हुंगून बघतात. सिनेमा घेताना मात्र नुसतं वेष्टन बघतात. माझ्या वेष्टनावर तर बंदूक रोखलेला एक परदेशी गडी होता. माझ्या सहाही सिनेमांत तो कुठेच नाही.

सहांतला एक सिनेमा जुना, आमच्याच मुलखातला, सोनकुलच्या उन्हाळी कुरणावर काढलेला. मूळ चित्र चांगलं रुंद होतं म्हणे, डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टीव्हीच्या चौकोनात बसावं म्हणून कोणीतरी त्याच्या दोन्ही कडा कापल्या. मग त्याची टेप झाली, त्या टेपेवरून दुसरी टेप, आणि त्या पुसट टेपेवरून मी. चित्र अंधारं वाटलं म्हणून उजेड वाढवला. रवाळ वाटलं म्हणून फिल्मचे ते बारीक दाणे, तो रवा पुसला. रव्याबरोबर म्हाताऱ्यांच्या सुरकुत्याही पुसल्या गेल्या, सगळी माणसं मेणाची झाली. आणि या सगळ्याला ते ‘चित्र सुधारणं’ म्हणत होते!

सादिरकुल कोचकोरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. त्याने मला एकाच कारणासाठी घेतलं. त्या सिनेमात लग्नाच्या मेजवानीचा प्रसंग आहे आणि त्यासाठी आसपासच्या गावांतली माणसं गर्दीत उभी केली होती. त्या गर्दीत त्याची बायको बात्मा होती. बात्मा मुलीच्या जन्माच्या वेळीच गेली. मागे उरला तो ओळखपत्रावरचा एक फोटो, ओठ घट्ट मिटलेला. मुलगी जिपार मोठी झाली, संसाराला लागली, पण आई हसताना, चालताना कशी दिसत असेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

मला पहिल्यांदा लावलं त्या दिवशी जिपार टीव्हीसमोर जमिनीवरच बसली. बापाला ती अता म्हणे, आईला आपा.

“अता, आपा कुठेय? दाखवा ना.”

“थांब, येईल. मेजवानी येऊ दे.” सादिरकुलने चष्मा पुसला. मेजवानी आली. “ही बघ! पांढऱ्या एलेचेकमध्ये!”

पडद्यावर लग्न झालेल्या सगळ्याच बाया डोक्याला पांढरा एलेचेक गुंडाळून होत्या. आणि वाढवलेल्या उजेडात ते पांढरे फेटे इतके फुलले होते की खालच्या चेहऱ्यांचं पार पाणी झालं होतं. बर्फात ठेवलेल्या अंड्यांसारखे ते चेहरे.

“कुठली, अता? सगळ्या सारख्याच दिसतात.”

“ती... नाही, तिच्या मागची. थांब, पुन्हा लाव.”

पुन्हा लावलं. मग कितीदा तरी लावलं. सादिरकुलचा धाकटा भाऊ बोरुबाय चहाला यायचा आणि वाटीत साय कालवत मजा बघायचा.

“बाइके,” तो थोरल्या भावाला म्हणाला, “मागच्या खेपेला टोकाची बाई आमची जेंगे होती. आज मधली झाली. आम्हाला वहिन्या एकूण किती, ते एकदा सांगून टाका.”

“चहा पी, बोरुबाय.”

“पितोय की. अरे, ते बघा! ते भूत पुन्हा आलं!”

भूत म्हणजे एक हात. मेजवानीत उजव्या कडेतून एक हात येतो, नवऱ्या मुलाच्या बापापुढे घोडीच्या दुधाची वाटी धरतो आणि जातो. माणूस दिसतच नाही. बोरुबाय दर वेळी हसायचा, “हात आला, वाटी आली, वाढणारीला मात्र घरीच ठेवली!” मला अस्सा राग यायचा! पण कोणावर काढणार? तो हात कोणाचा, मलाही ठाऊक नव्हतं.

पुढे जिपारचा नवरा मोठा रुंद टीव्ही घेऊन आला. दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या दिसतात म्हणून त्याने चित्र ताणलं. कुरणातले उमदे घोडे बुटक्या मेंढ्यांसारखे झाले, बाया पिठाच्या पोत्यांसारख्या. वर चित्र ‘धारदार’ करायचं बटण दाबलं, तर प्रत्येकाभोवती काळी रेघ उमटली. सगळे म्हणाले, “वा! किती स्वच्छ!”

सादिरकुल तसं म्हणाला नाही. तो उठून टीव्हीला नाक लागेल इतका जवळ गेला, मग मागे येऊन बसला.

“जिपार, नसेलही ती त्यात. माणूस म्हातारपणी काहीही रचतो. मीच रचलं असेल.”

“असं नका ना म्हणू, अता.”

“मग तूच सांग, कुठे आहे?”

जिपारने चित्र पुन्हा मागे नेलं. मला खंत याची वाटते, की चित्र खोटं असेल अशी शंका त्या घरात कोणालाच आली नाही. सादिरकुलला आली ती स्वतःच्या आठवणीची. त्यानंतर त्याने मला लावलं नाही. मी काही दिवस गरम किटलीखाली होते. मग दोरा ओवून मला जर्दाळूच्या झाडावर टांगलं, पाखरं पळवायला. पाखरं काही पळाली नाहीत.

मध्ये बरीच वर्षं गेली. सादिरकुलची नजर अधू झाली. मग एका उन्हाळ्यात जिपारने बिश्केकहून त्याच सिनेमाची नवी प्रत आणली, मूळ फिल्मवरून नीट साफ केलेली, कडांसकट. खिडकी उघडी होती. मी वाऱ्यावर फिरत होते, तोंड खिडकीकडे आलं की पडदा दिसे, वळलं की डोंगर.

मेजवानी सुरू झाली आणि जिपार ओरडली, “अता! ही माझ्यासारखी चालते! अगदी माझ्यासारखी! पण... हिने तर टोपी घातलीय.”

“टोपी?” सादिरकुल खुर्चीत पुढे सरकला. “लाल? कडेला लव असलेली?”

“हो.”

तो म्हणाला, “पोरीबाळींची टोपी. म्हणजे आमचं लग्न त्यानंतर झालं. आणि मी इतकी वर्षं तिला बायकोच्या एलेचेकमध्ये शोधत बसलो. हसते का गं?”

“हसते, अता. दात दिसतात.”

बोरुबायच्या वाटीतला चहा निवत होता. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

आता माझा रंग उडालाय, दोराही कुजलाय. एकदा मी खाली पडले की संपलं. त्याआधी एवढंच मागते, जुन्या सिनेमांच्या कडा कापू नका. नायक-नायिका मध्ये असतात, गर्दीतली माणसं कडेलाच उभी केलेली असतात.

आणि एका गोष्टीची मी त्या दिवशी वाऱ्यावर फिरता फिरता खात्री करून घेतली. नव्या प्रतीत ती लाल टोपीवाली मुलगी उजव्या कडेला उभी आहे. ती हसत पुढे वाकते, नवऱ्या मुलाच्या बापापुढे वाटी धरते आणि मागे सरते. वाटी तीच, हात तोच. म्हणजे बात्मा माझ्यावर होती. पहिल्या दिवसापासून होती, मनगटापर्यंत.