मान हलवणारा भाड्याचा पंखा

मी उभा पंखा बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय, पण तेवढं चालवून घ्या. वय झालंय, आणि आयुष्यभर लोकांच्या भाषणांत उभं राहून मलाही बोलायची खोड लागली आहे.

छताला लटकणारे पंखे वेगळे. ते एका घरात जन्म काढतात, त्यांना घरातली माणसं असतात, कुणीतरी वर्षातून एकदा स्टुलावर चढून त्यांचं तोंड पुसतं. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी कारखान्यातून निघालो तो थेट खुर्चीवाल्याच्या गोदामात. खुर्चीवाला म्हणजे समारंभाला खुर्च्या, टेबलं आणि आमच्यासारखे पंखे भाड्याने देणारा माणूस. आज लग्न, उद्या बक्षीस समारंभ, परवा कुणाची तरी शोकसभा. शोकसभेतही लोक माझ्यासमोरची खुर्ची पकडायला धावतात, हे मी स्वतः पाहिलंय. गेलेल्या माणसाचा फोटो घामाने डबडबत कोपऱ्यात, आणि वारा खाणारे पुढच्या रांगेत.

माझा एक गुण म्हणा की अवगुण, मी डावीकडून उजवीकडे मान फिरवतो. सगळेच उभे पंखे फिरवतात. पण माझी मान जरा जास्त ठामपणे फिरते. नाही म्हणणाऱ्या माणसासारखी. लग्नात नवऱ्यामुलाचा मामा मुलाचं कौतुक करत होता, मी मागे उभा होतो, तेव्हा मुलीकडची माणसं फार हसली होती. माझा काय दोष? खटका दाबला की मान हलायची, एवढंच मला ठाऊक.

तर एके दिवशी आम्हा वीस-पंचवीस पंख्यांना टेम्पोत कोंबलं आणि एका शर्टाच्या कारखान्यात नेऊन उतरवलं. मला वाटलं, मालकाच्या घरचं कार्य असेल. कसलं काय! आम्हाला नेऊन उभं केलं इस्त्रीखान्यात.

काय सांगू तुम्हाला त्या खोलीचं! लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना इस्त्रीची टेबलं, प्रत्येक इस्त्रीतून भसाभस वाफ. भिंतीला चांगल्या मोठ्या खिडक्या, पण एकूण एक खिळे ठोकून बंद. का, तर बाहेरची धूळ येते आणि पांढरे शर्ट मळतात. शर्टांना श्वास घ्यायचा नसतो, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा वारा द्यायचा प्रयत्न केला आणि माझ्या तोंडून गरम फुंकर निघाली. लाज वाटली हो.

तरी बायका म्हणाल्या, "बाई गं, किती बरं वाटतंय!" त्यावरून ओळखा, आधी काय हाल असतील.

एकट्या मावशीला तेवढं कौतुक वाटलं नाही. मावशी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी इस्त्रीवाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाली, "इतकी वर्षं नाही सुचला पंखा. मतदान आलं आणि मालकांना घाम फुटला वाटतं."

जेवणाच्या सुट्टीत सगळं कळलं. कारखान्यात युनियन करायची की नाही, यावर कामगारांचं मतदान होणार होतं. मावशीने खटपट करून ते मिळवलं होतं. तिची लेक तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करायची. गेल्या उन्हाळ्यात पोरीला चक्कर आली आणि ती तापलेल्या इस्त्रीवर हात टेकून पडली. उजवा हात पार भाजला. आता पोर घरी बसून डाव्या हाताने वेणी घालायला शिकते. मालक म्हणाले, तिचं कामात लक्ष नव्हतं. मावशी म्हणाली, खिडक्या उघडा. मालक म्हणाले, बघू. ते 'बघू' ऐकून ऐकून मावशीचे कान किटले, आणि तिने युनियनचा हट्ट धरला.

मालकांना एकट्याने हे निस्तरेना, म्हणून त्यांनी भाऊंना बोलावलं. भाऊ म्हणजे त्या भागातले नेते. मी त्यांना चांगला ओळखतो. त्यांच्या कितीतरी सभांना मी मागे उभा राहिलो आहे. पाणीपुरवठ्याच्या सभेत त्यांनी दिलेलं वचन मी शाळेच्या सभेत पुन्हा ऐकलंय, फक्त पाण्याच्या जागी शाळा. आमचं भाडंही भाऊंच्या नावावर होतं. माझ्या जाळीवर त्यांचा हसरा फोटो डकवला होता. माझं पातं फिरायला लागलं की भाऊ थरथर कापायचे.

भाऊ आले, अख्ख्या कारखान्याला इस्त्रीखान्यात जमवून टेबलावर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बहिणींनो, मी कोणाची बाजू घ्यायला आलेलो नाही."

मी मागे होतो. माझी मान डावीकडून उजवीकडे गेली.

"मालक तुम्हाला पोटच्या पोरीसारखं वागवतात."

उजवीकडून डावीकडे.

"युनियन आली, तर कारखाना दुसरीकडे जाईल. मग मला दोष देऊ नका. मला तुमची काळजी आहे म्हणून सांगतो. या मतदानात माझा काडीचाही स्वार्थ नाही!"

मी पुन्हा मान हलवली. बटणं लावणाऱ्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी, तिसरी, आणि बघता बघता अख्खा हॉल खो खो हसायला लागला. भाऊंना वाटलं, आपला विनोद जमला. तेही हसले. मॅनेजर मात्र धावत आला आणि माझ्या डोक्यावरचा खटका असा काही हिसडला, की तो उपटून त्याच्या हातातच आला. माझी मान तिथेच ताठ झाली. नाही म्हणायची शिक्षा मला तेव्हा कळली.

फाटकाबाहेर म्हणे दुसऱ्या पक्षाच्या ताईही येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला. "युनियन झालीच पाहिजे! आमचा झेंडा, आमचं नाव, आमच्या वडिलांचा फोटो."

मावशी म्हणाली, "ताई, झेंड्याने वारा येत नाही. खिडकीचं काय ते बोला." ताईंना तितक्यात दुसरीकडे जायचं होतं.

आता खरी मेख सांगतो. मावशीची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात बटणांच्या टेबलावर होती. दोघी एका घरात राहायच्या, एका बसने यायच्या. धाकटीचा मुलगा शिकून घरी बसलेला. भाऊंनी तिला बाजूला घेतलं, ते अगदी माझ्यासमोर. म्हणाले, "वहिनी, फाटकावर रखवालदाराची जागा निघतेय. तुमच्या मुलाचं नाव माझ्या डोक्यात आहे. पण युनियन आली तर माझे हात बांधले जातील बघा. आणि हे कुणाला बोलू नका, लोक जळतात." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने भाऊंना वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला.

मतदानाच्या दोन दिवस आधी भाऊंना एक शक्कल सुचली. म्हणाले, "तुम्हाला अशा मतदानाची सवय नाही. ऐनवेळी चूक नको. आपण एक सराव करू. हात वर करून."

मॅनेजर आणि मुकादम भिंतीला पाठ लावून उभे. युनियन नको म्हणणाऱ्यांचे हात? सगळा हॉल वर! काही बायकांनी तर दोन्ही हात वर केले. युनियन हवी म्हणणारे? एकटी मावशी. तिने हात वर करून इकडेतिकडे पाहिलं. धाकटी खाली मान घालून बोटावरची टाचणी टोचल्याची जागा चोखत होती.

"वा!" भाऊ म्हणाले. "याला म्हणतात मोकळं वातावरण. मावशींना त्यांचं मत मांडायचा पूर्ण हक्क आहे."

त्या हक्काचं बक्षीस म्हणून मावशीचं टेबल दुसऱ्या दिवशी वाफेच्या बॉयलरजवळ हलवलं. घरीसुद्धा दोघी जावांचं बोलणं बंद झालं असावं, कारण सकाळी त्या म्हणे बसमधून वेगवेगळ्या दारांनी उतरल्या.

आणि इथे भाऊंची चूक झाली. एक मावशी सोडली तर सगळे हात आपल्या बाजूने म्हटल्यावर त्यांना कसली चिंता? मतदानाच्या सकाळीच त्यांनी खुर्चीवाल्याला फोन केला. पलीकडच्या वस्तीत त्यांची दुसरी सभा होती. आमचे सगळे पंखे टेम्पोत चढले. मीच तेवढा राहिलो, मान मोडलेली म्हणून. मला मतदान घ्यायला आलेल्या अधिकारी बाईंसमोर ठेवलं. सगळा वारा त्यांना, रांगेतल्या बायकांना काही नाही.

उकडायला तर लागलंच. पण त्याहून मोठी गोष्ट घडली. हॉल शांत झाला! वीस-पंचवीस पंख्यांची घरघर थांबली, मतदानासाठी इस्त्र्याही बंद होत्या, आणि बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू यायला लागलं. इतके दिवस शेजारणीला काही सांगायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून कोण कुणाला मनातलं सांगतं?

रांगेत उभ्या उभ्या कॉलर जोडणारी हळूच म्हणाली, "माझ्या भाच्याचं काम झालं बाई. फाटकावर लागतोय. कुणाला बोलू नकोस."

पुढची गर्रकन वळली. "कुठल्या फाटकावर?"

"आपल्याच. रखवालदार."

"अगं, ती जागा माझ्या नवऱ्याला देणार आहेत!"

"तुझ्या नवऱ्याला? मग आमच्या दिराला काय सांगितलंय भाऊंनी?"

कुजबुज रांगेच्या टोकापर्यंत गेली. काय सांगू, अर्ध्या कारखान्याचे भाचे, दीर, जावई आणि मेहुणे रखवालदाराच्या एका स्टुलावर बसणार होते. आमच्या कारखान्याला फाटक एकच, आणि तेही दिवसभर उघडंच असायचं.

धाकटी ऐकत होती. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. रांग सोडून ती सरळ मावशीपाशी गेली. मला वाटलं, आता भांडण. पण तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पुढे केली.

"घ्या, जाऊबाई. पाणी प्या. बॉयलरपाशी घसा सुकतो."

मावशीने बाटली घेतली. दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "पोराचं आपण बघू गं. तो काय माझा कोणी नाही?"

"पोरीचंही बघायला हवं होतं मी," धाकटी म्हणाली आणि तोंडाला रुमाल लावून रडली.

नंतर ती पडद्याआड गेली. मी तिथून दोन हातांवर होतो, मला सगळं दिसलं. पण मतदान गुप्त असतं. मी भाड्याचा असलो तरी चहाडखोर नाही.

संध्याकाळी निकाल लागला. युनियन झाली. चांगल्या घसघशीत मतांनी झाली. मॅनेजर पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण परवा तर सगळ्यांचे हात वर होते!" अधिकारी बाई म्हणाल्या, "हात वर होते, खरं. आम्ही चिठ्ठ्या मोजतो."

तुम्हाला वाटेल, भाऊंनी तोंड लपवलं असेल. छे! तुम्ही भाऊंना ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर भला मोठा फलक लागला, 'कामगार भगिनींच्या विजयाचे शिल्पकार भाऊ.' आणि आठवड्याने त्याच इस्त्रीखान्यात सत्कार ठरला. म्हणजे भाऊंचा. पंखे पुन्हा आले. खुर्चीवाल्याने माझ्या मानेत लाकडाची पाचर ठोकून मला दुरुस्त केलं होतं. फक्त एक झालं, आता माझी मान हलायची थांबेचना. त्याने तसंच मला भाऊंच्या मागे उभं केलं.

"पहिल्या दिवसापासून," भाऊ गहिवरून म्हणाले, "मी या बहिणींच्या पाठीशी होतो."

मी मान हलवली. या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या जणी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मावशी उठली. "भाऊ, खिडक्या कधी उघडणार?"

"लवकरच. मालकांशी बोलणं झालंय. एक समिती नेमतो."

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, चांगली सावकाश.

"तो पंखा काय म्हणतोय बघा," मावशी म्हणाली. तेव्हा मात्र हॉल असा हसला, की ते हसू आपल्या विनोदाला आहे असं भाऊंनाही मानता आलं नाही. हसू थांबायच्या आत धाकटीने पिशवीतून पक्कड काढली, खुर्चीवर चढली आणि पहिला खिळा उपटला. मागून दुसरी चढली. कुणी कात्रीने, कुणी इस्त्रीच्या टोकाने खिळे काढायला लागल्या. मालक "अहो, धूळ! अहो, शर्ट!" म्हणत राहिले. खिडक्या करकरत उघडल्या आणि बाहेरचा वारा आत आला. मावशी खिडकीपाशी गेली आणि लेकीचं नाव घेऊन ढसाढसा रडली.

मला त्या रात्री खुर्चीवाल्याने परत नेलंच नाही. "मानेवर ताबा नाही, हा माझ्या काय कामाचा?" म्हणाला. तेव्हापासून मी इथेच आहे. वायर कधीच काढून टाकली. माझ्या मानेवर मावशीचा नॅपकिन वाळत असतो. मावशीची लेकही कामावर आली आहे, तयार शर्ट तपासते. ते काम डाव्या हाताने जमतं. रखवालदाराची जागा मात्र अजून निघालेली नाही.

दुपारी खिडकीतून झुळूक आली की माझी पाती आपोआप फिरतात. बायका म्हणतात, "बघा, म्हातारा आपणहून चालतोय." मी चालत नाही हो. इतकी वर्षं दुसऱ्यांना वारा घातला, आता कुणीतरी मला घालतंय.

एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. मतदान जवळ आलं आणि कुणी तुमच्या दारात पंखा आणून ठेवला, तर खुशाल वारा खा. पण खाता खाता एकदा मागे वळून खिडकी बघा. ती बंद असेल, तर खिळे कुणी ठोकलेत तेवढं विचारा.