वेश बदलण्याचं काम

आईचा पॉडकास्ट आमच्या कपड्यांच्या कपाटात तयार व्हायचा. थट्टा नाही, खरंच. कोट आणि रजया आवाज पितात, म्हणून आई कपाटात स्टूल टाकून बसायची आणि मी बाहेर जमिनीवर मांडी घालून, कानाला हेडफोन. बाबा जाता-येता म्हणायचे, "आई कपाटात, लेक पहाऱ्यावर. मी भांडी घासतो, चालू द्या."

मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई माझं नाव दोनदा घ्यायच्या. पॉडकास्ट सुरू झाला आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीचं "नमस्कार, दार उघडंच आहे, या ना" हे माझ्या आवाजात जायला लागलं. मुली मधल्या सुट्टीत मला ते म्हणायला लावायच्या आणि मी म्हणायचे. एकदा सुरू झाले की थांबायचे नाही, हा माझा नवा दोष.

आई समुपदेशक आहे. घरातलीच पुढची खोली तिची. तिच्या बाहेर तीन खुर्च्या आणि एक प्लॅस्टिकचं झाड, ज्याला बाबा चुकून पाणी घालतात. तिच्याकडे येणाऱ्यांना ती क्लायंट म्हणते. मी एकदा 'गिऱ्हाईक' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पॉडकास्टमध्ये कुणाची गोष्ट सांगायची तर तिचा नियम ठरलेला. आधी त्या माणसाची परवानगी. मग वय, काम आणि घरातलं नातं, तिन्ही बदलायचं. आम्ही याला वेश बदलणं म्हणायचो, आणि ते काम माझ्याकडे होतं. आई मला फक्त गाभा द्यायची. बाई की पुरुष, तेवढंही सांगायची नाही. वरचे कपडे मी चढवायचे. मी एकाला वैमानिक केलं, एकीला जुळ्यांची आई. आई हसायची, "कुठून सुचतं गं तुला?"

"प्रतिभा, आई, प्रतिभा!"

नवव्या भागासाठी तिने सांगितलं, "कुणीतरी आहे. घरात काहीही बिघडलं की आपल्यामुळेच बिघडलं असं वाटतं त्या माणसाला." मी पाच मिनिटांत माणूस उभा केला. पन्नाशीची बाई, घड्याळाच्या दुकानात कामाला. पर्समध्ये बारीकसा स्क्रू ड्रायव्हर बाळगते, कुणाचं काही सैल दिसलं की तिला राहवत नाही. आणि कुठल्याही दारातून आत जाण्याआधी पर्सची चेन चार वेळा उघडून बंद करते.

आईने ते कपाटात इतकं छान वाचलं, की ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. "चार वेळा," ती म्हणाली आणि थांबली. ते थांबणं मी कापलं नाही.

आता जे मी आईला सांगितलं नव्हतं, ते.

दर बुधवारी चार वाजता एक काकू यायच्या. एकदा मी शाळेतून आले तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये इकडे. चष्मा घसरतोय तुझा. दिवसभर नाक वर करून फिरत असशील." पर्समधून बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला, माझा चष्मा मांडीवर घेतला आणि दोन्ही काड्या घट्ट करून दिल्या. "चष्म्याच्या दुकानात सारखं हेच करते गं. हात शिवशिवतात." मग आतून आईने हाक मारली तशा त्या उठल्या आणि पर्सची चेन उघडली, लावली, उघडली, लावली, पुन्हा, पुन्हा. मी मोजलं. चार वेळा.

मी चष्म्याचं घड्याळ केलं. माझ्या मते वेश बदलला होता.

आईला ओळखू आलं नाही, कारण ती नेहमी दाराच्या आत असायची. स्क्रू ड्रायव्हर आणि ती चेन, दोन्ही दाराबाहेरचं होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, लिहिताना काकू आठवल्या होत्या. अगदी स्पष्ट आठवल्या होत्या. पण चार वेळा हे इतकं झकास वाटलं की हात आवरला नाही.

भाग गेला त्यानंतरच्या बुधवारी काकू आल्या नाहीत. पुढच्या बुधवारीही नाहीत. मग आईला काकूंचा मेसेज आला आणि आई त्यांना फोन लावून खिडकीशी गेली. मी मोजे शोधायचं नाटक करत खोलीबाहेरच्या बोळात उभी.

"नाही, नाही, ऐका तर. ती गोष्ट तुमची नाही. अजिबात नाही. मी शब्द देते तुम्हाला." मग बराच वेळ ऐकणं. "स्क्रू ड्रायव्हर? तुमच्याकडे असतो? मला हे आत्ता कळतंय. योगायोग आहे हो. आपण बोललोय ना यावर, की मन कधीकधी सगळं स्वतःकडे ओढून घेतं?"

फोन संपला.

जेवताना आई बाबांना म्हणाली, "पुढचा भाग यावरच करावा म्हणते. ऐकणाऱ्याला प्रत्येक गोष्टीत आपणच दिसतो. का दिसतो?"

"मला नाही दिसत," बाबा म्हणाले. "तू आळशी नवऱ्यांवर बोललीस तेव्हाही नाही."

आई हसली. मी हसले नाही. आई स्वतःच्या गोड, शांत आवाजात हजारो लोकांना सांगणार होती, की काकूंना भास झाला. आणि काकू ते ऐकतील. त्यांना जे दिसलं होतं ते अगदी बरोबर दिसलं होतं, आणि जगात हे माहीत असलेली एकटी मी. मी गप्प राहिले असते तर आई कायमची खरी ठरली असती आणि काकू कायमच्या खुळ्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले. आई कपाटात बसून घसा साफ करत होती. "हेडफोन लाव," ती म्हणाली.

"आई, बाहेर ये आधी."

"बोल ना, इथेच बोल."

"माइक बंद कर."

मी सगळं सांगितलं. चष्म्याचं, काड्यांचं, चार वेळा मोजल्याचं. आई बाहेर आलीच नाही. कोटांच्या मध्ये तशीच बसून राहिली, एक बाही तिच्या खांद्यावर पडलेली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं लिहिताना?"

"हो."

"आणि मी तिला म्हटलं मनाचा खेळ आहे." ती माइककडे बघत होती. "अगं, तिला आयुष्यभर घरचे हेच सांगत आलेत. तुला भास होतात. तू उगाच लावून घेतेस. ती माझ्याकडे..." आणि मध्येच थांबली. तोंडावर हात ठेवला. "हेही तुला सांगायला नको होतं."

"माझी चूक आहे, आई."

"तुझी आहेच. पण शब्द मी दिला. न विचारता, न तपासता, इतक्या आत्मविश्वासाने. मलाच माझा आवाज फार आवडायला लागलाय."

ते मला जास्त लागलं, कारण ते माझंही वर्णन होतं.

तिने नववा भाग काढून टाकला. काकूंना फोन लावला. उचलला गेला नाही. मग मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी तीनच वाक्यं गेली: तुम्हाला बरोबर कळलं होतं. वर्णन तुमचंच होतं, मी नाही म्हणाले ते चूक होतं. बुधवारी चारची वेळ तुमचीच आहे, या किंवा न या.

"मी चिठ्ठी लिहू त्यांना?" मी विचारलं. "मनापासून माफी?"

"नको. तुला हलकं वाटावं म्हणून त्यांनी अजून एक ओझं उचलायचं का?"

वेश बदलण्याचं काम गेलं. पॉडकास्ट बंद आहे. चालू होईल की नाही, आई सांगत नाही. कपाटात परत नुसते कपडे. बुधवारी साडेतीन ते पाच मी घरात थांबायचं नाही, हा नवा नियम. शाळेत मुलींनी "नमस्कार म्हण ना" म्हटलं, तर मी घसा बसलाय म्हणून सांगते. पटत कुणालाच नाही.

दोन बुधवार आई चार वाजता दार उघडं टाकून आत बसली. पाच वाजता तिने ते लावलं.

तिसऱ्या बुधवारी मी पुस्तकं घेऊन जिना उतरत होते आणि खालच्या पायरीवर काकू उभ्या. मी इतकी वाक्यं तयार ठेवली होती, आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सैल झालाय परत," म्हणाल्या. "चष्मा."

आणि त्यांचा हात सवयीने खांद्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत थोडा थांबला, खाली आला. आता त्या दोन्ही हात एकमेकांत घालून उभ्या होत्या, जसे कुणा दुसऱ्याचे सांभाळायला दिलेत.

"पर्स नाही आणत आजकाल," त्या म्हणाल्या. "मॅडम आहेत वर?"

"आहेत. दार..." मी म्हणाले आणि पुढचं गिळलं.

त्या कठडा धरून वर गेल्या, एकेक पायरी. मी खाली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, चष्मा हाताने धरून. आत जाण्याआधी त्या दाराबाहेर किती वेळ थांबल्या, काय केलं, मी पाहिलं नाही. मोजलंही नाही.